अर्धा तास आणि सात पाहुणे: १९ मे १९९८ च्या सेनेट सुनावणीचा नियोजनाच्या अंगाने प्रकरण अभ्यास

सायबर सुरक्षेवर बाहेरच्या तज्ज्ञाला बोलावून लष्करी आणि प्रशासकीय वरिष्ठांसमोर व्याख्यान ठेवायचे, हे काम आयोजकाच्या टेबलावर येते तेव्हा ते सभागृह, तारीख, मानधन आणि स्वागताचा पुष्पगुच्छ एवढ्यापुरतेच वाटते. पण श्रोत्यांकडे अधिकार भरपूर आणि वेळ अपुरा, तर वक्त्याकडे माहिती भरपूर आणि अधिकार शून्य, अशी या प्रसंगाची मूळ अडचण असते. तासाभरात वक्त्याने काय सांगावे यावर आयोजक बराच विचार करतात. सांगितलेल्या गोष्टीचे पुढे कोणी काय करायचे, यावर मात्र फारसा होत नाही. या दुसऱ्या प्रश्नाकडे पाहण्यासाठी वॉशिंग्टनमधील एक जुने प्रकरण फार उपयोगी पडते, कारण त्याच्या परिणामांचा माग पंचवीस वर्षांहून अधिक काळ काढता येतो.

१९ मे १९९८ रोजी अमेरिकी सेनेटच्या शासकीय कामकाज समितीपुढे बोस्टनच्या ‘लॉफ्ट’ या गटातील सात हॅकर साक्षीला बसले. समितीचे अध्यक्ष टेनेसीचे सेनेटर फ्रेड थॉम्पसन होते. सदस्यांमध्ये जॉन ग्लेन आणि जो लिबरमन होते. औपचारिकदृष्ट्या ही सुनावणी होती, व्याख्यान नव्हे. तरीही पाहुणा तज्ज्ञ, अधिकारी श्रोते, ठरलेला वेळ आणि आधी चर्चा करून निश्चित केलेले मुद्दे ही सगळी सामग्री आपल्या ओळखीच्या कार्यक्रमासारखीच असल्यामुळे, नियोजनाचे उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहण्यास हरकत नसावी.

पार्श्वभूमी

श्रोते काय माहीत असताना सभागृहात येतात, हे आयोजकाने सर्वांत आधी तपासायचे असते. १९९८ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनमधील वरिष्ठांना संगणकांच्या असुरक्षिततेची भीती नव्याने घालण्याची गरज उरलेली नव्हती. जून १९९७ मध्ये ‘एलिजिबल रिसीव्हर’ या नावाने एक सराव झाला होता. त्यात नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या चमूने शत्रूची भूमिका घेतली आणि कोणालाही सहज मिळू शकतील अशी साधने वापरून संरक्षण खात्याच्या जाळ्यांमध्ये खोलवर शिरकाव केला. ऑक्टोबर १९९७ मध्ये महत्त्वाच्या पायाभूत सुविधांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या राष्ट्राध्यक्षीय आयोगाने आपला अहवाल दिला. पुढे फेब्रुवारी १९९८ मध्ये, इराकशी तणाव वाढलेला असतानाच, अमेरिकी लष्करी संगणकांत कोणीतरी शिरत असल्याचे उघडकीस आले. संशयाची सुई आधी इराककडे वळली. तपासाअंती निघाले काय, तर कॅलिफोर्नियातील दोन शाळकरी मुले आणि त्यांना मार्गदर्शन करणारा एक इस्रायली तरुण. त्यांनी वापरलेली सोलारिस प्रणालीतील त्रुटी आधीपासून ठाऊक होती आणि तिच्यावरचा उपायही उपलब्ध होता; तो सर्वत्र बसवलेला नव्हता, इतकेच. हे प्रकरण पुढे ‘सोलर सनराइज’ म्हणून ओळखले गेले.

सराव आणि सोलर सनराइज या दोन्ही घटनांनंतर संरक्षण खात्याला भेडसावणारा प्रश्न तांत्रिक नव्हता. तत्कालीन उपसंरक्षणमंत्री जॉन हॅमरे यांनी बैठकीत याची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे असे विचारले, तेव्हा कोणाकडेही स्पष्ट उत्तर नव्हते, ही हकीकत त्या काळाविषयीच्या लिखाणात वारंवार येते. पुढच्या विवेचनात हा प्रश्न लक्षात ठेवावा लागेल.

कोणाला बोलवायचे

लॉफ्ट हा गट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये एका भाड्याच्या जागेत सुरू झाला. जुने संगणक आणि टाकाऊ उपकरणे आणून ती उघडायची, त्यांतल्या त्रुटी शोधायच्या आणि त्या प्रसिद्ध करायच्या, हा त्यांचा उद्योग होता. १९९७ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘लॉफ्टक्रॅक’ या साधनाने विंडोज एनटीमधील पासवर्ड किती झटपट उलगडता येतात हे दाखवून दिले आणि त्यामुळे त्यांचे नाव उत्पादकांच्या कार्यालयांपर्यंत पोहोचले. गटातील पाइटर झॅटको (टोपणनाव ‘मज’) दिवसा बोस्टन परिसरातील बीबीएन या नामांकित संशोधन कंपनीत काम करत. थोडक्यात, ही मंडळी कोणत्याही अर्थाने भामटी नव्हती. पण सरकारी निमंत्रितांच्या नेहमीच्या यादीतही बसणारी नव्हती.

समितीने फक्त याच सातजणांवर भिस्त ठेवली नाही, हे नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच सुनावणीत एसआरआय या संशोधन संस्थेचे पीटर नॉयमन हे ज्येष्ठ संगणकशास्त्रज्ञ होते. संगणकांमुळे उद्भवणाऱ्या धोक्यांच्या नोंदी ते १९८५ पासून सातत्याने प्रसिद्ध करत आले होते. शिवाय, अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने परराष्ट्र खाते आणि नागरी विमान वाहतूक प्रशासन यांच्या संगणक सुरक्षेवरचे आपले निष्कर्ष त्याच दिवशी समितीपुढे ठेवले. परराष्ट्र खात्याच्या जाळ्यात परीक्षकांना स्वतः शिरता आले होते. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या बाबतीत तर यंत्रणांच्या धोक्यांचे मूल्यमापनच नीट झालेले नव्हते आणि इमारतींच्या प्रत्यक्ष सुरक्षेतही उणिवा होत्या.

ही जोडणी कोणी जाणीवपूर्वक केली की योगायोगाने जमून आली, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी तिची उपयुक्तता वादातीत आहे. एकाने चाळीस वर्षांच्या व्यासंगातून बोलायचे, दुसऱ्याने खात्याच्या नावानिशी लेखापरीक्षणाचे निष्कर्ष मांडायचे आणि तिसऱ्याने सांगायचे की हे सगळे करून दाखवणारे आम्ही आहोत. यांपैकी कोणताही एकच आवाज असता, तर तो सहज झटकून टाकता आला असता. प्राध्यापक म्हणजे पुस्तकी, लेखापरीक्षक म्हणजे खुसपट काढणारे आणि हॅकर म्हणजे बढाईखोर, अशी शेरेबाजी करायला खाती तयारच असतात.

निमंत्रणाच्या अटी

सातहीजण टोपणनावांनी बसले. समोरच्या नावाच्या पाट्यांवर ‘मज’, ‘वेल्ड पाँड’, ‘स्पेस रोग’, ‘किंगपिन’ अशी नावे होती आणि त्यांच्या कामाच्या संवेदनशीलतेमुळे त्यांची खरी नावे घेतली जाणार नाहीत, हे अध्यक्षांनी उघडपणे सांगितले. ज्या बलाढ्य कंपन्यांच्या उत्पादनांतील त्रुटी हे लोक चव्हाट्यावर आणत होते, त्यांच्याकडून कायदेशीर कारवाई होण्याची किंवा दिवसाची नोकरी धोक्यात येण्याची धास्ती त्यांना होती. सेनेटसारख्या संस्थेने ही अट मान्य करावी हे त्या काळी अपूर्वच होते आणि त्यामुळे वृत्तपत्रांना आयते छायाचित्रही मिळाले.

आयोजकाने इथे नोंद घ्यावी ती सवलतीच्या हिशेबाची. यजमानाला ही सवलत जवळजवळ फुकट पडली, पाहुण्याला मात्र तिच्यावाचून तोंड उघडता आले नसते. आपल्याकडे छावणीच्या फाटकावर कोणी टोपणनाव सांगून आत जाणार नाही. ओळखपत्राची प्रत, गाडीचा क्रमांक आणि आधीच पाठवलेली मंजुरी यांशिवाय पाहुण्याची गाडी हलत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पाहुण्याला सांभाळावी लागणारी गोष्ट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. खासगी कंपनीत काम करणाऱ्या तज्ज्ञाला ग्राहकांची नावे घ्यायची नसतात. त्याला मालकाची लेखी परवानगी लागते, तिला वेळ लागतो. आपल्या स्लाइड कोणाच्या तरी व्हॉट्सॲप गटावर फिराव्यात असे त्याला मुळीच वाटत नसते. ध्वनिमुद्रण होणार आहे का, प्रत कोणाकडे राहणार, माहितीपत्रकात त्याचे पद कसे छापायचे, हे निमंत्रणाच्या पहिल्याच पत्रात लिहून दिले, तर तो मोकळेपणाने बोलतो. न लिहिल्यास तो वर्तमानपत्रात आधीच येऊन गेलेले तेवढेच सांगतो आणि सगळे समाधानाने चहाला जातात.

एक वाक्य

सुनावणीतील जे वाक्य इतिहासजमा झाले, ते मुळात पाहुण्यांचे नसून अध्यक्षांचे होते. तुम्ही सातजण अर्ध्या तासात संपूर्ण देशासाठी इंटरनेट निरुपयोगी करू शकता असे तुमचे म्हणणे असल्याचे मला कळवण्यात आले आहे, ते खरे का, असे थॉम्पसन यांनी विचारले. झॅटको यांनी होकार दिला आणि आपल्यापैकी एकटाही ते करू शकेल अशी पुस्ती जोडली. प्रश्नाच्या शब्दरचनेवरूनच दिसते की उत्तर आधी ठाऊक होते. सुनावणीपूर्वी समितीचे कर्मचारी आणि पाहुणे यांच्यात यावर बोलणे झालेले होते. यात गैर काही नाही. वरिष्ठांच्या सभेत कळीचा प्रश्न दैवावर सोडणे हाच खरा निष्काळजीपणा ठरतो.

हा दावा पोकळही नव्हता. इंटरनेटवरील मोठी जाळी एकमेकांना आपापल्या वाटा कळवतात, त्यासाठी बीजीपी नावाची व्यवस्था वापरली जाते आणि तिच्यात शेजाऱ्याने सांगितलेल्या वाटेवर विश्वास ठेवण्याचीच पद्धत होती. एप्रिल १९९७ मध्ये एका छोट्या सेवादात्याच्या राउटरने (वाहतुकीला वाट दाखवणाऱ्या यंत्राने) चुकीच्या वाटा जाहीर केल्या आणि मोठ्या प्रमाणावर वाहतूक भलतीकडे वळून इंटरनेटचा बराच भाग काही काळ विस्कळीत झाला. चुकून जे घडू शकते ते हेतुपुरस्सरही घडवता येते, एवढेच झॅटको यांचे म्हणणे होते. खुल्या सुनावणीत पद्धतीचा तपशील त्यांनी दिला नाही, हे उचितच झाले.

तरीही माझ्या मते हेच वाक्य नियोजनातील सर्वांत दुबळी जागा होती. ते श्रोत्यांना हलवणारे होते, पण ज्या गोष्टीबद्दल ते होते ती गोष्ट सभागृहातील एकाही माणसाच्या अखत्यारीत नव्हती. शासकीय कामकाज समितीला केंद्रीय खात्यांना जाब विचारता येतो, त्यांच्यासाठी कायदा सुचवता येतो. वाटा जाहीर करणारे राउटर मात्र खासगी दूरसंचार कंपन्यांचे, नियम अभियंत्यांच्या स्वयंसेवी मंडळांचे आणि जाळे तर जगभर पसरलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेल्यावर सेनेटरने त्या अर्ध्या तासाचे करायचे काय, याचे उत्तर कार्यक्रमात कुठेच नव्हते. लिबरमन यांनी पाहुण्यांचे काम चांगल्या नागरिकाला साजेसे असल्याचे सांगून त्यांचे कौतुक केले. कौतुक मनापासूनचे होते, पण आश्वासन नव्हते.

जाता जाता एक योगायोग सांगण्याजोगा आहे. त्याच दिवशी संध्याकाळी ‘गॅलक्सी ४’ हा दळणवळण उपग्रह बिघडला आणि अमेरिकेतील बहुसंख्य पेजर मुके झाले. तो हल्ला नव्हता, तांत्रिक बिघाड होता. पण सकाळी ऐकलेला इशारा आणि संध्याकाळी बंद पडलेला पेजर यांची सांगड घालण्याचा मोह ऐकणाऱ्याला होणारच, आणि अशी चुकीची सांगड व्याख्यानाच्या श्रेयात जमा करू नये हे आयोजकाला कळायला हवे.

परिणामांचा माग

सुनावणीनंतर तीनच दिवसांनी, २२ मे १९९८ रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पायाभूत सुविधांच्या संरक्षणासंबंधीचा त्रेसष्टावा निर्णय-निर्देश जारी केला. तो सुनावणीचे फलित म्हणून दाखवणे सोपे आहे. वस्तुतः त्याची तयारी आयोगाच्या अहवालापासून चालू होती. डिसेंबर १९९८ मध्ये संरक्षण खात्याने संगणक जाळ्यांच्या बचावासाठी संयुक्त कृतिदल उभारले आणि हॅमरे यांच्या प्रश्नाला निदान एक पत्ता मिळाला. हेही सराव आणि सोलर सनराइज यांचे फळ होते. सात हॅकरांचे श्रेय इथे फार ताणू नये.

त्यांच्या सत्राशी थेट जोडता येण्याजोगा परिणाम दुसरीकडे आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये थॉम्पसन आणि लिबरमन यांनी सरकारी माहितीच्या सुरक्षेविषयीचे विधेयक मांडले. ते पुढे संरक्षण खर्चाच्या अधिकृततेच्या कायद्याला जोडले जाऊन २००० च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाले. त्याने केंद्रीय खात्यांवर आपल्या सुरक्षा कार्यक्रमाचे दरवर्षी परीक्षण करण्याचे आणि त्याचे स्वतंत्र मूल्यमापन करून घेण्याचे बंधन घातले. २००२ च्या व्यापक कायद्याने ते कायमस्वरूपी केले. या कायद्याचा मजकूर वाचताना अर्ध्या तासाची दहशत कुठेच आठवत नाही. आठवतात ते त्या दिवशीचे लेखापरीक्षणाचे निष्कर्ष: कोणते खाते, कोणती उणीव, कोण उत्तरदायी. ज्या मुद्द्याला समितीच्या अधिकारकक्षेत मालक होता, त्याचा सुमारे अडीच वर्षांत कायदा झाला, आणि ज्या मुद्द्याने मथळे मिळवले तो तिथेच राहिला.

राहिला म्हणजे किती काळ, तर २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबची वाट अडवताना ती चुकीची वाट बाहेरही जाहीर केली आणि यूट्यूब सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात दिसेनासे झाले. दहा वर्षांपूर्वी सांगितलेली त्रुटी जशीच्या तशी होती.

पाहुण्यांचे पुढे काय झाले, हेही परिणामांतच धरायला हवे, कारण अशा निमंत्रणाचा एक अदृश्य लाभ म्हणजे निर्माण होणारी ओळख. जानेवारी २००० मध्ये लॉफ्ट एका नव्या सुरक्षा कंपनीत विलीन झाला. पुढच्याच महिन्यात याहू, ॲमेझॉन, ईबे यांसारखी संकेतस्थळे एकामागून एक बंद पाडली गेली, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये क्लिंटन यांनी बोलावलेल्या बैठकीत झॅटको होते. २०१० मध्ये ते संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेत अधिकारी झाले आणि तिथे त्यांनी छोट्या, स्वतंत्र संशोधकांना लष्करी निधी लवकर मिळावा म्हणून एक खास योजना चालवली. नेहमीच्या निविदाप्रक्रियेत जे लोक कधीच पोहोचू शकले नसते, त्यांना तिचा लाभ झाला. वेल्ड पाँड म्हणजे ख्रिस वायसोपल यांनी २००६ मध्ये सॉफ्टवेअर तपासणारी कंपनी उभी करण्यात भाग घेतला. १९९८ च्या त्या सकाळचा लष्कराला झालेला सर्वांत मोठा फायदा बहुधा हाच असावा, आणि तो कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत लिहिता आला नसता.

आपल्या नियोजनासाठी

समजा पुण्यात लष्करी आणि प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या एकत्र तुकडीसमोर असेच सत्र ठेवायचे आहे. तुकडी मिश्र असते हाच पहिला पेच. गणवेशातील अधिकाऱ्याला आदेशाची साखळी ठाऊक असते, पण नागरी पुरवठादाराशी झालेल्या करारात काय लिहिले आहे हे त्याला सहसा माहीत नसते. जिल्हा प्रशासनातील अधिकारी करार जाणतो, पण बंद पडलेल्या यंत्रणेशिवाय काम चालवण्याचा सराव त्याने केलेला नसतो. वक्त्याला ही यादी आधी द्यावी. नावांची नव्हे, पदांची; आणि प्रत्येक पदापुढे त्या व्यक्तीला स्वतःच्या सहीने काय करता येते ते लिहावे. असे एक पान हाती पडल्यावर चांगला तज्ज्ञ आपल्या नेहमीच्या साठ स्लाइडपैकी चाळीस स्वतःहून काढतो, असा अनुभव आहे.

मथळा होईल असे वाक्य नको, असे मात्र नाही. ते हवेच, पण ते श्रोत्यांच्या अखत्यारीतले हवे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा विषाणू युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून पसरला, मार्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा त्याने ठप्प केली आणि त्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावाशेवा बंदरातील टर्मिनलही त्यात अडकले. उरणजवळच्या कंटेनरांचा खोळंबा युक्रेनमधील हिशेबनिसाच्या संगणकापासून सुरू होतो, ही गोष्ट पुरवठा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर विचारायचा प्रश्न असा, की तुमच्या आस्थापनेत बाहेरच्या कंपनीचे सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होते का, आणि ते थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे. तसाच दुसरा प्रश्न सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांवरून निघतो. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते; मग शनिवारी रात्री अकरा वाजता ती लक्षात आली तर कोण कळवणार, आणि त्याला आधी कोणाची परवानगी घ्यावी लागेल? सभागृहात या प्रश्नावर शांतता पसरली, तर ते सत्र वाया गेलेले नाही. फक्त त्या शांततेसाठी कार्यक्रमपत्रिकेत वीस मिनिटे मोकळी ठेवलेली हवीत. आभारप्रदर्शन थोडे आखडते घेतले तरी चालेल.

पाहुण्याचा पेन ड्राइव्ह घेऊन तो व्यासपीठावरील संगणकाला लावण्याची प्रथा अशा कार्यक्रमात तरी नसावी. सादरीकरण दोन दिवस आधी मागवून तपासावे, कोणत्याही कार्यालयीन जाळ्याला न जोडलेल्या संगणकावरून दाखवावे, आणि हे बंधन अपमान म्हणून नव्हे तर नियम म्हणून पाहुण्याला आधीच कळवावे. या क्षेत्रातील माणूस त्याला हरकत घेत नाही. उलट ते नसले तर तो मनातल्या मनात यजमानाविषयी मत बनवतो.

वॉशिंग्टनच्या प्रकरणाचा उत्तरार्ध अलीकडचा आहे. मे २०१८ मध्ये, वीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, लॉफ्टमधील चौघे पुन्हा संसद परिसरातील एका सत्रात बोलले, या खेपेस खऱ्या नावांनी. बऱ्याच गोष्टी सुधारल्या असल्या तरी मूळच्या अनेक त्रुटी टिकून आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सायबर संचालकांच्या कार्यालयाने इंटरनेटवरील वाटांच्या सुरक्षेचा आराखडा प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांसाठी त्यात शिफारशी आहेत. पण सरकारी खात्यांच्या मालकीच्या आयपी पत्त्यांना (इंटरनेटवरील संगणकांच्या क्रमांकांना) स्वाक्षरीचे संरक्षण देण्याचे, म्हणजे त्यांची वाट जाहीर करण्याचा अधिकार कोणाचा हे डिजिटल सहीने पडताळता येईल असे करण्याचे, काम त्याने सरकारी खात्यांवरच सोपवले आहे. हा मुद्दा १९९८ च्या समितीच्या अधिकारकक्षेत बसणारा होता. तो तिच्यापुढे मांडला गेला असता तर तिला विचारता आला असता.